व्हॅक्यूम पंपाच्या बेअरिंगला नायट्रोजनची फुंकर कशासाठी?

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा होणार आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. तिच्या चार-चार किलोमीटर लांब भुजांमधली हवा वातावरणीय दाबाच्या सुमारे एक लाख कोटीव्या भागापर्यंत उपसावी लागेल.

अशा कामात टर्बोमॉलिक्युलर पंप वापरतात. त्याची पाती मिनिटाला हजारो फेरे घेत वायूचे रेणू बाहेर ढकलतात आणि हा सगळा वेग पेलतं ते छोटंसं बेअरिंग. वेधशाळेच्या नळ्यांतून निघते ती साधी हवा आणि पाण्याची वाफ. पण असेच पंप चिप बनवणाऱ्या कारखान्यांत क्लोरीन, हायड्रोजन क्लोराइड असे वायू उपसतात. हायड्रोजन क्लोराइडला जरा ओल मिळाली की हायड्रोक्लोरिक आम्ल तयार! वंगण खराब होतं, पोलादावर बारीक खड्डे पडतात आणि या वेगाला तेवढे खड्डेही पंप मोडायला पुरतात.

मग सील का लावत नाहीत? एवढ्या वेगाने फिरणाऱ्या दांड्याला घासणारं सील टिकणार नाही. फट ठेवावीच लागते. म्हणून बेअरिंगच्या कप्प्यात कोरडा, स्वच्छ नायट्रोजन बारीक धारेने सोडतात. तिथला दाब थोडा जास्त राहतो, त्यामुळे फटीतून वायू बाहेरच जातो, आत येत नाही. उन्हाळ्यात खिडकीतला कूलर घरात हवा भरतो तेव्हा दाराच्या फटीतून धूळ आत येत नाही, तसंच. चुंबकावर तरंगणारं बेअरिंग असलं तरी मोटर आणि तारांसाठी ही फुंकर लागतेच.

धार उत्पादकाने सांगितली तेवढीच हवी. जास्त सोडली तर मागच्या पंपावर भार येतो, पाती तापतात. क्रमही महत्त्वाचा. आधी नायट्रोजन, मग संक्षारक वायू. काम संपल्यावरही नायट्रोजन काही वेळ चालू ठेवायचा. वायू वाचवायला तो लगेच बंद करणं ही महागात पडणारी काटकसर, कारण आत उरलेल्या वायूला बाहेरची दमट हवा भेटते. आणि बंद खोलीत नायट्रोजन गळला तर वास येत नाही, पण माणूस गुदमरतो.

लायगोच्या अमेरिकेतल्या वेधशाळांनी बेअरिंगचा प्रश्न वेगळ्या कारणाने टाळला आहे. टर्बो पंप मुख्यतः सुरुवातीच्या उपशापुरते. पुढे आयन पंप आणि द्रव नायट्रोजनने थंड केलेले पृष्ठभाग निर्वात टिकवतात. त्यांत फिरणारं काहीच नाही, म्हणून आरशांपर्यंत पोहोचणारी थरथरही नाही.