अधांतरींचा हात

शके १९४४ च्या गुढीपाडव्याची, म्हणजे २ एप्रिल २०२२ ची रात्र पुष्कळ वाचकांच्या स्मरणांत असेल. महाराष्ट्रांतील अनेक गांवांवरून जळत्या निखाऱ्यांची जणूं एक रांग सरकत गेली, आणि चंद्रपूर जिल्ह्यांतील लाडबोरी या खेड्यांत धातूचें एक मोठें कडें येऊन पडलें. तो चिनी अग्निबाणाचा अवशेष असावा, असा जाणत्यांचा अभिप्राय पडला. कोणास इजा झाली नाहीं, हें सुदैव.

परवां आमच्या हिंगोलीच्या घरीं ही गोष्ट निघाली, तेव्हां नातवानें विचारलें, "आजोबा, हा केर वरच्यावरच कां पकडीत नाहींत?"

मीं त्याला झोपाळ्यावर बसवून पाय वर घ्यावयास सांगितलें, आणि एक जड तक्क्या त्याच्याकडे टाकला. त्यानें तो झेलला खरा. पण झोपाळा त्याच्यासह मागें गेला. तक्क्या त्यानें परत फेकला, तेव्हांहि तेंच.

"जमिनीवर उभा राहून तूं कांहीं झेललेंस, तर तो धक्का पृथ्वी सोसते," मीं म्हणालों. "अंतराळयानाला पाय टेकावयास जागाच नाहीं. त्याचा यांत्रिक हात एकीकडे वळला, कीं यान दुसरीकडे वळूं लागतें."

ही अतिशयोक्ति नव्हे. एप्रिल १९८४ मध्यें 'सोलर मॅक्स' हा बिघडलेला उपग्रह दुरुस्त करण्याकरितां अमेरिकेचें 'चॅलेंजर' यान गेलें. जॉर्ज नेल्सन हा अंतराळवीर बाहेर पडून उपग्रहाशीं स्वतःस जोडूं पाहत होता. जोडणी बसेना, तेव्हां त्यानें उपग्रहाचा वीज करणारा पंखच हातानें धरला. परिणाम उलट झाला. उपग्रह अधिकच वेडावांकडा फिरूं लागला. पुढें पृथ्वीवरील तज्ज्ञांनीं संदेश पाठवून त्याच्या गिरक्या शांत केल्या, आणि मगच यानाच्या सुमारें १५ मीटर लांब यांत्रिक हाताला तो धरतां आला.

यावरून रीत ध्यानांत येते. प्रथम यानानें आपली गति वस्तूच्या गतीशीं जुळवावयाची. दोन्ही सेकंदास सात किलोमीटरांहून अधिक वेगानें धांवत असलीं, तरी एकमेकांस स्थिर भासलीं पाहिजेत. मग कॅमेऱ्यानें वस्तूच्या गिरक्या पाहून, क्षणभरानंतर ती कोठें असेल याचें गणित करावयाचें, आणि हात तेथें न्यावयाचा. हात हलतांना यान वळूं नये म्हणून यानाच्या पोटांतील फिरतीं चाकें उलट बळ देतात. स्पर्श होतांच सांधे ताठ ठेवून चालत नाहीं. चेंडू झेलणारा मुलगा हात किंचित् मागें घेतो, तसें त्यांनीं नमावें लागतें. ताठ हात वस्तूला पकडण्याऐवजीं दूर लोटतो.

आपल्या देशानेंहि या विद्येचा श्रीगणेशा केला आहे. ३० डिसेंबर २०२४ रोजीं श्रीहरिकोट्याहून सुटलेल्या अग्निबाणाच्या शेवटच्या टप्प्यावर 'पोएम-४' या नांवानें २४ उपकरणें ठेवलीं होतीं. त्यांत विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचा, केर पकडण्यासाठीं बनविलेला यांत्रिक हात होता. दोरीनें बांधलेली वस्तु कॅमेऱ्याच्या साह्यानें पकडावयाची, हा त्याला नेमून दिलेला पहिला धडा. सुटी वस्तु पकडणें हा पुढचा. मला अधिक मोलाचें वाटलें तें निराळेंच. त्या टप्प्याची कक्षा आधींच ३५० किलोमीटरांपर्यंत खालीं आणली होती. त्यामुळें तो फार काळ वर न राहतां ४ एप्रिल २०२५ रोजीं हिंदी महासागरांत पडला. जेवण झाल्यावर आपलें ताट आपण उचलावें, हा आपल्या घरांतील नियम तेथें पाळला गेला.

मीं जन्मभर संस्कृत शिकविलें. शास्त्राचे शिक्षक रजेवर असले म्हणजे त्यांचा तास घेत असें, आणि 'क्रिया व प्रतिक्रिया समान आणि विरुद्ध असतात' हें सूत्र मुलांकडून घोकून घेत असें. एकाहि मुलाला झोपाळ्यावर बसविण्याचें मला सुचलें नाहीं, याची आतां खंत वाटते. नातवाला तें सूत्र अद्याप ठाऊक नाहीं. पण तक्क्या झेलतांना तो आतां हात मागें घेतो.