बर्फाला विचारा, कधी निघू

कॅलिफोर्नियाच्या पूर्वेला सिएरा नेवाडा ही सुमारे ६४० किलोमीटर लांबीची डोंगररांग आहे. तिचं सर्वोच्च शिखर, माउंट व्हिटनी, ४,४२१ मीटर उंच. उन्हाळा लागताच पाठीवर सॅक टाकून एकट्यानं तिथे जायचं, उंचावरच्या तळ्याकाठी तंबू ठोकायचा आणि ट्राउट मासे धरायचे, असा बेत तुम्ही आखताय असं समजा. तयारी कुठून सुरू होईल? सॅक, गळ, बूट यांची पाळी पुढे येईल. आधी एक आकडा पाहायचा: १ एप्रिलला डोंगरावर किती बर्फ होता?

सिएरातला बर्फ साधारण एप्रिलच्या सुरुवातीला सर्वाधिक साठलेला असतो, म्हणून मोजणीसाठी ही तारीख धरतात. २०१५ साली कॅलिफोर्नियातला त्या दिवशीचा साठा सरासरीच्या जेमतेम ५ टक्के होता. २०२३ साली तो २३७ टक्के भरला! डोंगर तोच, पायवाट तीच, कॅलेंडरवरचा महिनाही तोच. पण एका वर्षी जूनमध्ये कोरड्या मातीतून चालाल आणि दुसऱ्या वर्षी ती पायवाट बर्फाखाली शोधावी लागेल. म्हणजे तुमच्या निघण्याची तारीख हिवाळ्यानंच ठरवून ठेवलेली असते. ती वाचायची कशी, एवढंच आपल्या हातात.

आणि हे वाचायला शिकवलं कोणी? रेनो शहरातल्या विद्यापीठात लॅटिन शिकवणाऱ्या जेम्स चर्च नावाच्या प्राध्यापकानं! माउंट रोझ या शिखराच्या ओढीनं हा माणूस ऐन हिवाळ्यात डोंगर चढू लागला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यानं बर्फ मोजण्याची नळी तयार केली. बर्फाची नुसती उंची मोजून भागत नाही, कारण भुसभुशीत ताज्या बर्फात पाणी थोडं आणि दबलेल्या जुन्या बर्फात पुष्कळ. म्हणून पोकळ नळी जमिनीपर्यंत खुपसायची, बर्फाचा उभा दांडा बाहेर काढायचा आणि नळीसकट तराजूला लावायचा.

आता यातली गंमत पाहा. सिएरात वापरल्या जाणाऱ्या नळीच्या धारदार तोंडाचा आतला व्यास १.४८५ इंच असतो. असा विचित्र आकडा कशाला? कारण त्या मापाच्या नळीतलं एक इंच पाणी वजनाला बरोबर एक औंस भरतं! बर्फाचं वजन वीस औंस आलं, की तो वितळल्यावर तिथे वीस इंच पाणी उभं राहील. कागद-पेन्सिल नको, गुणाकार नको. गणित नळीच्या तोंडातच घडवून ठेवलेलं. आज शंभराहून अधिक ठिकाणची यंत्रं बर्फाखालून रोजचे आकडे पाठवतात आणि ते कोणालाही घरबसल्या पाहता येतात.

तारीख ठरली. आता घड्याळ. सिलिकॉन व्हॅलीतल्या मराठी ट्रेकर मंडळींना हे डोंगर मोटारीनं काही तासांवर आहेत. त्यांतले कित्येक जण सह्याद्रीत चालायला शिकलेले. सह्याद्रीत ओढा फुगतो तो पावसानं, तेव्हा आपली नजर ढगांकडे असते. सिएरात ओढा फुगतो तो लख्ख उन्हानं! दुपारच्या उन्हात बर्फ वितळतो, ते पाणी झिरपत, वाहत खाली येतं आणि संध्याकाळी ओढा भरतो. बर्फापासून बरंच खाली असाल, तर हाच लोंढा मध्यरात्रीच्या सुमाराला पोचतो. रात्रीच्या गारठ्यात वितळणं मंदावतं आणि भल्या सकाळी ओढा पुन्हा उतरतो. निरभ्र आकाशाखाली ही रोजची भरती-ओहोटी चालू असते.

एकट्या माणसासाठी याचा अर्थ सरळ आहे. मुक्काम ओढ्याच्या अलीकडे करायचा आणि ओढा सकाळीच ओलांडायचा. पाण्यात शिरण्यापूर्वी सॅकचा कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडायचा. पाय घसरला तर ओझं टाकून देता आलं पाहिजे. खालच्या अंगाला धबधबा किंवा आडवे पडलेले ओंडके दिसले, तर दुसरी जागा शोधायची. ती सापडली नाही, तर मागे फिरायचं. हात द्यायला सोबती नसतो, म्हणून मागे फिरण्यासाठी एक जादा दिवस आणि त्या दिवसाचं जेवण बेतात आधीच धरायचं.

वर तळं काय करतंय? इथे पाण्याचा एक अजब गुण कामाला येतो. पाणी सर्वांत जड असतं ते ४ अंश सेल्सिअसला. त्याहून गार झालं की ते हलकं होतं आणि वर राहतं, म्हणून तळं वरून गोठतं. तळाशी मात्र ४ अंशांच्या आसपासचं द्रव पाणी उरतं आणि तिथे ट्राउट महिनोन्महिने मंदावलेल्या अवस्थेत तग धरतात. हा गुण नसता, तर त्या तळ्यांत एकही मासा हिवाळा काढू शकला नसता! मग उन्हाळा लागतो, वरचा बर्फ फुटतो, वरचं पाणी तापत ४ अंशांवर येतं आणि थोडा काळ सगळं तळं एकाच वजनाचं होतं. तेवढ्यात वारा ते तळापासून ढवळून काढतो आणि ताजा प्राणवायू थेट खालपर्यंत पोचतो. भुकेले ट्राउट काठाकडे येतात, कारण उथळ पाणी आधी तापतं आणि किडे तिथेच हलू लागतात. तीन हजार मीटरच्या आसपास हे सहसा जूनमध्ये घडतं, बर्फाळ वर्षी जुलैत. तुमचा एप्रिलमधला आकडा नेमका याच दिवसांवर बोट ठेवत असतो.

गार पाण्याची आणखी एक करामत सांगतो. ब्रूक ट्राउट एरवी काही वर्षंच जगतो. पण सिएरातल्या बनी लेक या उंचावरच्या तळ्यात या जातीचा मासा २४ वर्षं जगल्याची नोंद १९७९ साली प्रसिद्ध झाली. खायला कमी, उन्हाळा तोकडा, म्हणून वाढ खुंटलेली. पण आयुष्य मात्र कितीतरी पट!

आता गळ टाकायचा. पण मासा तुम्हाला पाहतो का? पाण्यात शिरताना प्रकाश वाकतो, त्यामुळे माशाला बाहेरचं अख्खं जग डोक्यावरच्या एका गोल खिडकीतून दिसतं. विहिरीच्या तळाशी बसलेल्याला वर आभाळाची चकती दिसावी, तशी. फक्त या चकतीत क्षितिजापासून क्षितिजापर्यंतचं सगळं कोंबलेलं असतं. मासा अर्धा मीटर खोल असेल, तर खिडकी मीटरभराहून थोडी जास्त रुंद. तिच्या बाहेर पाण्याचा पृष्ठभाग आरसा बनतो आणि त्यात माशाला तळातले दगड दिसतात. जमिनीलगतच्या गोष्टी या चकतीच्या कडेला चेपून बारीक होतात. म्हणूनच मुरलेला गळवाला काठापासून मागे, गुडघ्यांवर बसून गळ टाकतो. ओढ्यात ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो, तेव्हा खालच्या अंगानं, त्याच्या पाठीमागून जायचं. पाऊलही हलकं हवं, कारण अंगाच्या दोन्ही बाजूंना असलेल्या रेषेनं तो पाण्यातली थरथर टिपतो.

इतकं सगळं जुळलं, तरी एक प्रश्न उरतो आणि तो सर्वांत नवलाचा आहे: हे मासे इतक्या उंचीवर आले कसे? हिमनद्यांनी कोरलेल्या या तळ्यांच्या वाटेवर उभे धबधबे आहेत. माशांना ते चढता आले नाहीत आणि उंचावरची बहुतेक तळी हजारो वर्षं मासळीविना राहिली. सोनेरी अंगाचा गोल्डन ट्राउट फक्त कर्न नदीच्या वरच्या खोऱ्यातल्या मोजक्या ओढ्यांत होता. १८७६ साली मल्की क्रीकमधले डझनभर मासे चक्क कॉफीच्या किटलीतून डोंगरापलीकडे कॉटनवुड क्रीकमध्ये नेऊन सोडले गेले! ते तिथे रुजले. पुढे खेचरांच्या पाठीवर दुधाच्या कॅनमधून ट्राउट वर गेले आणि दुसऱ्या महायुद्धानंतर विमानांतून बोटुकल्या, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, तळ्यांवर सोडल्या जाऊ लागल्या. आकाशातून पडूनही त्या जगतात, कारण इतक्या चिमुकल्या जिवाला हवाच सावरून धरते. १९४७ साली गोल्डन ट्राउट कॅलिफोर्नियाचा राज्यमासा झाला.

या कौतुकाची किंमत एका बेडकानं मोजली. सिएरातल्या पिवळ्या पायांच्या बेडकाची पिल्लं बेडूक होण्याआधी दोन ते चार वर्षं पाण्यात काढतात. त्यांना तळापर्यंत न गोठणारी खोल तळी लागतात आणि माणसानं मासे सोडले तेही याच तळ्यांत. ट्राउटनी पिल्लं फस्त केली, पुढे बुरशीजन्य रोगानं उरलेल्यांना गाठलं आणि २०१४ साली हा बेडूक संकटग्रस्त यादीत गेला. योसेमिटी उद्यानात मासे सोडणं १९९१ सालीच थांबलं होतं. सिक्वोया आणि किंग्ज कॅन्यन उद्यानांत २००१ पासून निवडक तळ्यांतले ट्राउट काढून टाकणं सुरू झालं, आणि तिथे बेडूक पुन्हा वाढू लागले!

म्हणून नकाशावर तळं निवडताना ते सध्या कोणाचं आहे, माशांचं की बेडकांचं, हेही पाहा. मुक्कामाचा परवाना काढा. प्रत्येक पायवाटेवर रोज किती जणांना सोडायचं, हे ठरलेलं असतं. सोळा वर्षं पूर्ण असतील, तर मासेमारीचा परवाना लागेल. अस्वलाला न उघडणारा प्लास्टिकचा जाड डबा घ्या, सगळं अन्न त्यात ठेवा आणि रात्री तंबूपासून लांब ठेवा. घरच्यांना मार्ग आणि परतायची तारीख लिहून द्या आणि उपग्रहामार्फत मदत मागणारं छोटं यंत्र सॅकच्या वरच्या कप्प्यात असू द्या.

खचाखच भरलेल्या तळ्यातला ब्रूक ट्राउट नियमांत बसत असेल तेवढा खुशाल तव्यावर टाका. तो इथे आणून सोडलेला आहे आणि त्याची दाटी थोडी कमी झालेलीच बरी. पण कर्नच्या मूळ ओढ्यातला गोल्डन ट्राउट गळाला लागला, तर हात ओले करून त्याला सोडवा आणि पाण्यात जाऊ द्या. त्याला तिथवर कोणी नेलेलं नाही.