अंगावर पित्त उठते तेव्हा



गळिताचा हंगाम थंडीतला आणि उसाला रात्रीचे पाणी देण्याची पाळीही थंडीतलीच. वीज रात्री येणार, मग दारे धरायला रात्रीच जाणे भाग. ओल्या अंगाला पहाटेचा गार वारा लागतो आणि घरी पोचेपर्यंत मांड्यांवर, पाठीवर लाल गांधी उठून जीव नकोसा होतो. आपल्यापैकी पुष्कळांना हा अनुभव असेल. घरात लगेच निदान होते, "पित्त उठलं!" आणि पित्त म्हटले की उष्णता, हे आपल्या डोक्यात पक्के बसलेले. मग "गार पाण्यानं अंघोळ घाला, ताक पाजा" अशी धावपळ सुरू होते.

नेमकी इथेच गल्लत होते. ज्या आयुर्वेदाचा आधार म्हणून आपण हे करतो, त्या आयुर्वेदाने या विकाराचे नाव ठेवले आहे शीतपित्त. नावात पित्त आहे खरे, पण त्याच्या आधी 'शीत' आहे. माधवनिदान या ग्रंथात रोगाची सुरुवातच गार वाऱ्याच्या स्पर्शाने सांगितली आहे. थंडीने वात आणि कफ बिघडतात, ते पित्ताला बरोबर घेतात आणि कातडीत पसरतात, अशी ही मांडणी. म्हणजे तिघांच्या भांडणात पित्ताचे नाव तेवढे पुढे आले. अशा माणसाला गार पाण्याने अंघोळ घालणे हे त्या शास्त्राच्याच विरुद्ध आहे. जुनी माणसे पित्त उठलेल्याला घोंगडीत गुंडाळून उबेला बसवीत, ते जास्त जवळचे होते.

ग्रंथकारांची नजर किती बारीक होती पाहा. गांध कशी दिसते, तर गांधीलमाशी डसल्यासारखी, असे माधवनिदान सांगते. गांधी उठण्याआधी तहान लागते, तोंडाची चव जाते, मळमळते, अंग जड होते, डोळे लाल होतात, हेही लिहून ठेवले आहे. शिवाय तीन प्रकार वेगळे काढले आहेत. वाताचा जोर असेल तर शीतपित्त. कफाचा जोर असेल तर उदर्द. यात कडा उचललेली, मध्ये खोलगट अशी लाल खाजरी मंडले उठतात आणि त्याचा काळ शिशिर, म्हणजे आपल्या ऊसतोडीचे ऐन दिवस. तिसरा कोठ. त्याचे कारण मात्र वाऱ्यात नसून पोटात आहे. येणारी उलटी दाबून धरली की अंगाला खाज आणि कोठ उठतो, असे चरकसंहितेतही आहे.

आता डॉक्टर मंडळी काय म्हणतात? कातडीत काही पेशी असतात, त्यांच्या पोटात हिस्टामिन नावाचे द्रव्य साठलेले असते. काही निमित्ताने त्या पेशी फुटल्यासारख्या होऊन ते बाहेर पडते. बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांतून पाणी पाझरते, कातडी फुगते आणि खाज सुटते. गांधीलमाशीच्या विषात स्वतः हिस्टामिनही असते. तेव्हा माधवनिदानाची उपमा नुसती दिसण्यापुरती राहिली नाही. दर पाच माणसांतल्या एकाला तरी आयुष्यात केव्हा ना केव्हा हा त्रास होतो.

निमित्ते मात्र अनेक, आणि शेतकऱ्याने ती ओळखायला शिकावे असे आमचे मत आहे. कारण आयुर्वेदाची पहिली चिकित्सा औषधाची नाहीच. कारण ओळखून ते टाळायचे, ही आहे. काहींना थंडी सोसत नाही. काहींना उलट, उन्हात राबून घाम आला की मोहरीएवढ्या बारीक पुटकुळ्या उठतात. उसाची मोळी खांद्यावर वाहिली की चार-सहा तासांनी खांदा सुजून ठणकतो, असेही एक दाबाचे पित्त आहे. बिचारा मजूर त्याला मुका मार समजतो. अंगदुखीच्या गोळ्या, प्रतिजैविके, अंडी, शेंगदाणे, झिंगे, पोटातले जंत, साधी सर्दी-पडसे, यांपैकी काहीही कारण असू शकते. माशांचे एक विशेष सांगायला हवे. बांगड्यासारखा मासा बर्फाविना राहिला तर त्याच्यातच हिस्टामिन तयार होते आणि ते शिजवूनही जात नाही. समुद्रापासून लांब असलेल्या आपल्या बाजारात मासळी घेताना एवढे ध्यानात ठेवावे. उसाची कूस लागून किंवा गाजरगवताने जी खाज सुटते ती मात्र वेगळी. तिथे गांध काही तासांत विरून दुसरीकडे उठत नाही. लागलेल्या जागेलाच त्रास राहतो.

थंडीचे पित्त असणाऱ्यांनी एक पथ्य जिवाचे म्हणून पाळावे. विहिरीत एकदम उडी टाकू नये. सगळ्या अंगाला एकाच वेळी गारवा लागला की हिस्टामिन इतके सुटते की रक्तदाब उतरून माणूस पाण्यातच बेशुद्ध होऊ शकतो. पट्टीचा पोहणारा असला तरी.

आता उपायांकडे वळू. अंगाला मोहरीचे तेल चोळून कोमट पाण्याने शेकणे, हा ग्रंथातला बाहेरचा उपाय. आपल्याकडे आमसुले भिजवून त्यांचे पाणी लावतात, त्याने खाजेला उतार पडतो असा घरोघरचा अनुभव. पोटात घ्यायला गूळ आणि ओवा. पथ्याने राहून हे सात दिवस खाल्ले की उदर्द जातो, असे वचन आहे. उपाय सोपा, स्वस्त आणि बहुधा निरुपद्रवी आहे. मात्र नव्याने उठलेले पित्त बहुतेकांचे काही दिवसांत आपसूकही जाते, तेव्हा सगळे श्रेय ओव्याला देण्याची घाई नको.

वैद्यांचे नावाजलेले औषध म्हणजे हरिद्राखंड. हळद ८ पल, तर खांडसाखर ५० पल, असे त्याचे जुने प्रमाण. त्यात तूप, दूध, सुंठ-मिरी-पिंपळी, त्रिफळा, जंतांवर वावडिंग आणि पोट साफ करायला निशोत्तर. गंमत अशी की याच रोगाच्या अपथ्यात मासे, दिवसाची झोप, ऊन यांच्याबरोबर दुधाचे आणि उसाचे पदार्थही सांगितले आहेत! साखर कारखान्याच्या पत्रकात हे छापायला थोडे जिवावर येते, पण आहे ते आहे. चहात चार चमचे घालून प्यायची साखर वेगळी आणि मापून दिलेली औषधातली साखर वेगळी, एवढे समजून घ्यावे. मधुमेह असलेल्यांनी मात्र गूळ-ओवा काय नि हरिद्राखंड काय, डॉक्टरांना विचारल्याखेरीज घेऊ नये. निशोत्तर रेचक असल्याने गरोदर बायांनीही स्वतःच्या मनाने हे घेऊ नये.

डॉक्टरांच्या गोळ्या हिस्टामिनला आडव्या येतात आणि खाज लवकर थांबवतात. जुन्या प्रकारच्या गोळ्यांनी गुंगी येते. ती घेऊन ट्रॅक्टरवर बसू नये की ऊस भरलेली गाडी हाकू नये. आणि आठवडी बाजारात "एका पुडीत कायमचं पित्त बंद" म्हणून जी बिननावाची पूड मिळते, तिच्यापासून लांबच राहावे. अशा पुड्यांत कधी स्टिरॉइड मिसळलेले असते. चार दिवस बरे वाटते आणि पुढे साखर, रक्तदाब, हाडे यांचे भोग सुरू होतात.

येथवर घरचे उपाय झाले. पण ओठ, जीभ किंवा घसा सुजू लागला, आवाज बसला, धाप लागली, घेरी आली, गांधींबरोबर एकदम उलट्या सुरू झाल्या, तर आमसूल नको, ओवा नको, देवऋषी तर नकोच. तोडणी चालू असताना मोहोळ उठून माश्या डसल्या, किंवा इंजेक्शन घेतल्यावर अथवा काही खाल्ल्यावर हे झाले, तर मिनिटांचा प्रश्न असतो. माशीची नांगी नखाने खरवडून काढावी. माणसाला आडवे करून पाय उंच ठेवावेत; धाप असेल तर टेकून बसवावे, पण उभे करून चालवू नये. १०८ क्रमांकाची गाडी बोलवावी, नाहीतर मिळेल त्या वाहनाने दवाखाना गाठावा. तेथे मांडीत दिले जाणारे ॲड्रेनलीनचे इंजेक्शन हाच अशा वेळचा खरा इलाज. टोळीच्या मुकादमांनी हे सर्व कोप्यांवर वाचून दाखवावे, अशी आमची विनंती आहे.

सहा आठवडे उलटूनही गांधी उठतच असतील, तर ते जुनाट पित्त समजावे आणि थायरॉईडसारख्या तपासण्यांसाठी डॉक्टरांकडे जावे. त्याआधी एक सोपी परीक्षा घरी करता येते. एका गांधेभोवती पेनने गोल काढावा आणि वेळ लिहून ठेवावी. साधी गांध चोवीस तासांच्या आत त्या गोलातून पुसली जाते. ती तिथेच राहिली, दुखू लागली किंवा जाताना काळानिळा डाग ठेवून गेली, तर दुखणे वेगळे असू शकते आणि हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. त्याच वहीत मागच्या दिवशी काय खाल्ले, कोणती गोळी घेतली, रात्री दारे धरली होती का, अंग किती वेळ ओले होते, हेही टिपावे. वैद्याकडे जा की डॉक्टरकडे, वही बरोबर न्यावी. दोघेही पहिल्यांदा हेच विचारणार आहेत.