क्रूझवरून परतताना दारूच्या किती बाटल्या आणता येतात? '२ लीटर'चा नियम कुठे चालतो, कुठे नाही?

सिंगापूरची क्रूझ असो, श्रीलंकेची असो किंवा मुंबई-गोवा. सहल संपत आली की ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो: "बाटल्या किती नेता येतील रे?" आणि उत्तरही ठरलेलं असतं: "माणशी २ लीटर. बिनधास्त घे."

हे उत्तर चुकीचं नाही, पण अर्धवट आहे. २ लीटरची सवलत प्रत्येक क्रूझला लागू होत नाही. काही वेळा ती भारतात मिळते, पण वाटेतल्या देशात मिळत नाही. आणि मुंबई-गोवा क्रूझच्या बाबतीत तर या सवलतीचा काहीच संबंध नसतो. तिथे चूक झाली तर प्रकरण ड्युटी भरण्यावर थांबत नाही, थेट गुन्हा दाखल होऊ शकतो.

म्हणून हा नियम नीट समजून घेऊया.

२ लीटरचा नियम नेमका काय आहे?

परदेशातून भारतात येणाऱ्या प्रवाशाला स्वतःच्या सामानात २ लीटरपर्यंत दारू किंवा वाईन ड्युटी न भरता आणता येते. ही सवलत केंद्र सरकारच्या बॅगेज नियमांत आहे. तुम्ही विमानाने या किंवा जहाजाने, मर्यादा तीच.

यात तीन गोष्टी लक्षात ठेवायच्या.

पहिली, २ लीटर म्हणजे सगळं मिळून. व्हिस्की २ लीटर, वाईन वेगळी २ लीटर असं नाही.

दुसरी, हिशोब बाटल्यांचा नाही, लीटरचा आहे. ड्युटी फ्री दुकानात १ लीटरच्या बाटल्या मिळतात, त्या दोन घेतल्या की कोटा संपला. ७५० मिलीच्या दोन बाटल्या म्हणजे दीड लीटर. तिसरी घेतली की सव्वादोन लीटर, म्हणजे मर्यादा ओलांडली.

तिसरी, सवलत माणशी आहे आणि ती एकत्र करता येत नाही. नवरा-बायको दोघांनी मिळून चार लीटर आणायची असेल, तर दोघांनी आपापल्या सामानात दोन-दोन लीटर ठेवावी. एकाच्याच बॅगेत चार लीटर निघाली आणि "यातल्या दोन तिच्या" असं सांगितलं, तर ते मान्य होईलच असं नाही. लहान मुलांच्या नावावर बाटल्या मोजण्याचा तर विचारही नको.

शिवाय ही दारू तुमच्या एकूण ड्युटी फ्री सामानाच्या किमतीतही धरली जाते. परदेशातून विमानाने किंवा जहाजाने परतणाऱ्या भारतीय रहिवाशांसाठी ही एकूण मर्यादा आधी ५० हजार रुपये होती. फेब्रुवारी २०२६ पासून ती ७५ हजार रुपये झाली आहे. दारूची २ लीटरची मर्यादा मात्र वाढलेली नाही.

जास्त आणली तर काय होतं?

जास्तीची दारू आणायला बंदी नाही, पण ती महागात पडते. इतर सामान मर्यादेपेक्षा जास्त झालं तर त्याला बॅगेजचा सरसकट दर लागतो. दारूला तो लागत नाही. व्हिस्की, वोडकासारख्या बहुतेक मद्यांवर साधारण १५० टक्के शुल्क बसतं. म्हणजे जास्तीच्या बाटलीची किंमत ३ हजार रुपये धरली, तर शुल्कच साडेचार हजार. ३ हजारांची बाटली साडेसात हजारांना पडली!

पण हे झालं तुम्ही स्वतःहून सांगितलं तर. सीमाशुल्क कायदा, १९६२ च्या कलम ७७ नुसार आपल्या सामानात काय आहे हे जाहीर करणं प्रवाशाची जबाबदारी असते. शुल्क लागू होणारं सामान असेल तर रेड चॅनलला जायचं. 'अतिथी' या सरकारी ॲपवरूनही आधीच माहिती भरता येते.

जास्तीच्या बाटल्या घेऊन ग्रीन चॅनलमधून निघालात आणि पकडले गेलात, तर माल जप्त होऊ शकतो. तो सोडवायला वेगळी रक्कम, त्यावर शुल्क आणि वर दंड, असा तिहेरी फटका बसू शकतो. बिल जवळ ठेवलेलं बरं, म्हणजे किमतीवरून वाद होत नाही.

क्रूझवर बाटली विकत घेतली की लगेच हातात मिळते का?

सहसा नाही. जहाजावरच्या दुकानात बाटली घेतली की बहुतेक क्रूझ कंपन्या ती आपल्याकडेच ठेवतात आणि शेवटच्या रात्री किंवा उतरायच्या सकाळी देतात. मधल्या एखाद्या बंदरावर उतरून बाटली आणली, तरी परत चढताना सुरक्षा तपासणीत ती जमा करून पावती देतात. कारण सरळ आहे. प्रवाशांनी स्वतःची बाटली केबिनमध्ये उघडली तर बारमधली दारू कोण घेणार?

त्यामुळे पावती जपून ठेवा आणि शेवटच्या सकाळी घाईत बाटली जहाजावरच विसरू नका.

सिंगापूर क्रूझवाल्यांनी इथे थांबून वाचा

महाराष्ट्रातून अनेक जण विमानाने सिंगापूरला जातात, तिथून मलेशिया किंवा थायलंडची क्रूझ करतात आणि पुन्हा सिंगापूरला येऊन घरी परततात. इथे एक गोष्ट विसरली जाते. जहाजातून उतरताना तुम्ही आधी सिंगापूरच्या कस्टम्समधून जाता. भारताचं कस्टम्स नंतर.

आणि सिंगापूरचे नियम वेगळे आहेत. तिथे दारूची सवलत मिळण्यासाठी तुम्ही किमान १८ वर्षांचे हवेत, किमान ४८ तास सिंगापूरबाहेर राहिलेले हवेत आणि मलेशियातून आलेले नसावेत. म्हणजे सिंगापूर-पेनांग-सिंगापूर अशी क्रूझ असेल तर तुम्ही मलेशियातून येता. सवलत शून्य.

शिवाय सवलत मिळाली तरी व्हिस्कीसारखी कडक दारू १ लीटरपर्यंतच चालते, उरलेला कोटा वाईन किंवा बिअरचा. भारतात चालणाऱ्या व्हिस्कीच्या दोन लीटरच्या बाटल्या सिंगापूरमध्ये चालत नाहीत. तिथे शुल्क दारूतल्या शुद्ध अल्कोहोलवर लागतं, दर लीटरला ८८ सिंगापूर डॉलर. ४० टक्के अल्कोहोलच्या १ लीटर बाटलीवर ते सुमारे ३५ डॉलर होतं. ९ टक्के जीएसटी वेगळा.

मग सोपा मार्ग कोणता? क्रूझवर खरेदी न करता परतीच्या वेळी विमानतळावरच्या ड्युटी फ्री दुकानातून घेणं. मुंबईत उतरल्यावरही ड्युटी फ्री दुकान आहे. फक्त तिथे घेतलेली बाटलीही त्याच २ लीटरमध्ये मोजली जाते, हे लक्षात ठेवा.

विमानात कशी न्यायची?

क्रूझवर घेतलेली बाटली हँडबॅगेत चालत नाही, कारण तिथे १०० मिलीपेक्षा मोठ्या डब्यातला द्रवपदार्थ नेता येत नाही. ती चेक-इन बॅगेतच टाकावी लागते. विमानतळावर सुरक्षा तपासणीनंतर घेतलेली बाटली सीलबंद पिशवीत, पावतीसह हातात नेता येते. पण वाटेत विमान बदलायचं असेल तर पिशवीचं सील फोडू नका.

चेक-इन बॅगेत २४ ते ७० टक्के अल्कोहोलची दारू माणशी ५ लीटरपर्यंत, न उघडलेल्या बाटल्यांमध्ये चालते. ७० टक्क्यांहून कडक असेल तर अजिबात नाही. हे ५ लीटर विमान सुरक्षेचे आहेत, कस्टम्सचे नाहीत. दोन्हींत गल्लत नको.

आता सर्वात महत्त्वाचं: मुंबई-गोवा क्रूझ

ही क्रूझ देशाबाहेर जात नाही. त्यामुळे इथे २ लीटरची कस्टम्स सवलत हा विषयच नाही. इथे लागू होतो राज्याचा कायदा.

दारू हा राज्यांच्या अखत्यारीतला विषय आहे. गोव्यात कर कमी, म्हणून दारू स्वस्त. त्या बाटल्यांवर महाराष्ट्राचा कर भरलेला नसतो. म्हणून विनापरवाना गोव्याची दारू महाराष्ट्रात आणणं हा महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ नुसार गुन्हा आहे. त्यासाठी कारावास आणि दंड अशा दोन्हींची तरतूद आहे. "घरी पिण्यासाठी एकच बाटली आणली" हे कारण कायद्यात बसत नाही. २०२२ मध्ये तत्कालीन राज्य उत्पादन शुल्क मंत्री शंभूराज देसाई यांनी तर गोव्याची दारू वारंवार आणणाऱ्यांवर मकोका लावण्याचा इशारा दिला होता.

लक्षद्वीपला जाणाऱ्या क्रूझबाबतही हेच. तिथे बंगाराम बेट सोडलं तर दारूबंदी आहे. बाटली घेऊन किनाऱ्यावर उतरायचं नाही.

कस्टम्समधून सुटलो, म्हणजे झालं?

नाही. कस्टम्सची सवलत फक्त केंद्राच्या शुल्कापुरती असते, राज्याच्या कायद्यातून ती सुटका देत नाही. मुंबईत उतरून पुढे अहमदाबादला जायचं असेल, तर गुजरातमध्ये दारूबंदी आहे. महाराष्ट्रातही वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे. सिंगापूरहून रीतसर आणलेली बाटली वर्ध्याच्या घरी नेली, तर ड्युटी फ्रीची पावती कामाला येणार नाही.

इतरत्रही महाराष्ट्रात दारू बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो. कडक दारूसाठी किमान वय २५ आहे, बिअर आणि वाईनसाठी २१.

अमेरिकेतल्या मराठी मंडळींसाठी

कॅरिबियन क्रूझवरून अमेरिकेत परतताना २१ वर्षांवरील प्रवाशाला साधारणपणे १ लीटर दारू ड्युटी फ्री नेता येते, एकूण ८०० डॉलरच्या सवलतीत धरून. यूएस व्हर्जिन आयलंड्सला थांबा असेल तर काही अटींवर ५ लीटरपर्यंत. जास्तीची दारू सांगून नेता येते, शुल्क भरून. पण तिथेही उतरण्याच्या राज्याचे नियम वेगळे असू शकतात.

थोडक्यात, बाटली घेण्याआधी तीन प्रश्न विचारा

१. क्रूझ देशाबाहेर गेली होती का? नसेल, तर २ लीटरची सवलत नाही.

२. वाटेत कोणत्या देशाचं कस्टम्स लागतं? तिथला नियम आधी पाळावा लागेल.

३. बाटली शेवटी कोणत्या राज्यात, कोणत्या जिल्ह्यात जाणार आहे?

तिन्ही उत्तरं जुळली तरच ग्रुपवर "बिनधास्त घे" असं लिहा.