सुरूच्या पोटी सुरू नाही

रायगडमधल्या नागावच्या किनाऱ्यावर सुरूच्या बनात शिरलात की खाली बघा. सुयांची जाड गादी, रोप मात्र क्वचितच. एक सुई ओढा, सांध्यावर टक्कन तुटते. ती पान नव्हेच, बारीक डहाळी. खरी पानं म्हणजे सांध्याभोवतीचे इवलेसे दात. गादीवर पडलेलं पंखवालं बी वाळूपर्यंत पोचत नाही, पोचलंच तर सावलीत खुरटतं. याउलट युरोपातल्या डोंगरांवरच्या स्प्रूस या सूचिपर्णी झाडाची पोरं चिवट! कुजक्या ओंडक्यावरही रुजतात, वर्षानुवर्षं सावली सोसतात आणि म्हातारं झाड पडलं की उसळी घेतात. सुरूकडे तो धीर नाही. ३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळात रायगडच्या किनाऱ्यावर कितीतरी सुरू आडवे झाले. उजेड पडला, पण भरपाई करायची तर रोपं माणसानंच लावायची आणि गुरांपासून राखायची.