घाटातला ब्रेक आणि कापलेला शाफ्ट

तळोद्याहून चांदसैली घाटाने धडगावला किंवा शहाद्याहून तोरणमाळला भरलेली जीप नेणाऱ्याला मागेही डिस्क ब्रेक हवेसे वाटले, तर नवल नाही; उतारावर ड्रम तापले की पकड सैलावतेच. अडचण जोडणीत येते. ज्या गाडीत चाक थेट अ‍ॅक्सल शाफ्टवर बसतं, तिथे डिस्कचं नवं ब्रॅकेट ड्रमच्या जुन्या प्लेटहून पातळ असलं तर शाफ्ट आत सरकतो आणि डिफरन्शियलमधल्या पिनला टेकू शकतो. मग सल्ला मिळतो, लेथवर नेऊन कापून घ्या.

इथे दोन कामांची गल्लत होते. टोक गार ठेवून किंचित घासलं आणि स्प्लाइनचे दाते पुरेसे गुंतलेले राहिले, तर निभावतं. मधून कापून वेल्डिंग करणं मात्र घातकच. शाफ्टचा पृष्ठभाग मुद्दाम कठीण केलेला असतो; वेल्डिंगच्या आचेने ती ताकद जाते, तडा तिथूनच सुरू होतो. शाफ्ट तुटला तर चाकच निखळू शकतं. ‘अनेकांच्या गाड्या अशाच चालतात’ हे उत्तर पुरत नाही, कारण असा तडा डोळ्यांना दिसण्याआधी कित्येक फेऱ्या वाढत असतो. शिवाय ब्रेक दाबताच भार पुढच्या चाकांवर जातो, उतारावर तर जास्तच. मागच्या डिस्कचा लाभ मुळात थोडका. त्यापेक्षा योग्य जाडीचं ब्रॅकेट घडवावं, लायनर वेळेवर बदलावेत आणि घाट खालच्या गिअरमध्येच उतरावा.