एसयूव्ही नवी की जुनी? पाच वर्षांचा हिशेब मांडा, मग ठरवा

दसरा-दिवाळीचा मुहूर्त जवळ आला की अनेक घरांत एकच चर्चा रंगते. 16 लाखांची नवी एसयूव्ही घ्यायची, की तेच मॉडेल चार वर्षे वापरलेले 9 लाखांत घ्यायचे? वरवर पाहता 7 लाख वाचतात. प्रत्यक्षात किती वाचतात, हे मात्र गाडी विकेपर्यंतच्या एकूण खर्चावर ठरते.

नव्या गाडीत पैसा कुठे जातो?

ऑन-रोड किमतीत मोठा वाटा करांचा असतो. 22 सप्टेंबर 2025 पासून चार मीटरच्या आतील लहान इंजिनाच्या गाड्यांवर 18 टक्के, तर मोठ्या एसयूव्हींवर 40 टक्के जीएसटी आहे. त्याशिवाय महाराष्ट्रात 10 ते 20 लाखांच्या खासगी पेट्रोल गाडीला 12 टक्के आणि डिझेल गाडीला 14 टक्के रोड टॅक्स लागतो. गाडी विकताना यातला रुपयाही वेगळा परत मिळत नाही.

दुसरा फटका घसाऱ्याचा. विम्याच्या कोष्टकातही तीन ते चार वर्षांच्या गाडीचे मूल्य 40 टक्क्यांनी कमी धरले जाते. हा घसारा पहिल्या मालकाने सोसलेला असतो, हाच जुन्या गाडीचा खरा फायदा.

जुन्या गाडीत खर्च कुठे लपतो?

मुख्यतः कर्जात. जुन्या गाडीच्या कर्जाचा व्याजदर सहसा जास्त असतो. समजा, नव्या गाडीसाठी 12 लाखांचे कर्ज 9 टक्क्यांनी आणि जुन्यासाठी 7 लाखांचे 13 टक्क्यांनी, दोन्ही पाच वर्षांसाठी घेतले. एकूण व्याज अनुक्रमे सुमारे 2.95 लाख आणि 2.56 लाख होते. कर्ज 5 लाखांनी कमी, पण व्याजात फरक जेमतेम 39 हजारांचा!

शिवाय टायर, बॅटरी, क्लच, सस्पेन्शन ही कामे नव्या मालकाच्या वाट्याला येतात. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनसही मिळत नाही, कारण तो गाडीचा नव्हे, मालकाचा असतो.

पाच वर्षांचे उदाहरण

(आकडे गृहीत धरलेले, आपले कोटेशन घालून पाहावे)

नवी गाडी
• किंमत 16 लाख + व्याज 2.95 लाख
• देखभाल 75 हजार, पुढील विमा 1.20 लाख
• पाच वर्षांनी विक्री: 8 लाख
• निव्वळ खर्च: 12.90 लाख

जुनी गाडी
• किंमत 9 लाख + व्याज 2.56 लाख
• दुरुस्ती-देखभाल 2 लाख, विमा 1 लाख, तपासणी व नावावर करणे 15 हजार
• पाच वर्षांनी विक्री: 4.50 लाख
• निव्वळ खर्च: 10.21 लाख

म्हणजे 7 लाखांचा फरक 2.69 लाखांवर आला, महिन्याला साधारण साडेचार हजार. इंजिन किंवा गिअरबॉक्सचे दीड लाखाचे एक काम निघाले, तर उरतो सव्वा लाखाच्या आसपास. इंधन दोन्हींत सारखेच धरले आहे. वर्षाला 12 हजार किलोमीटर, 12 चे मायलेज आणि लिटरला 104 रुपये धरले, तर पाच वर्षांत 5.20 लाख.

व्यवहारापूर्वी काय तपासावे?

• भाव आजच्या नव्या गाडीच्या किमतीशी ताडून पाहा. मालकाने जुन्या कररचनेत मोजलेली किंमत हा निकष नाही.
• परराज्यातील स्वस्त गाडीचा मोह टाळा. ती महाराष्ट्रात कायम वापरायची तर इथला रोड टॅक्स भरावा लागतो. त्यासह हिशेब करा.
• एमपरिवहन ॲपवर मालक क्रमांक, विमा आणि थकीत ई-चलन पाहा.
• कर्जाचा बोजा असेल, तर बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 घ्या. फॉर्म 29 व 30 भरून आरसी नावावर होईपर्यंत सर्व पैसे देऊ नका.
• गाडी आपल्या ओळखीच्या मेकॅनिककडून लिफ्टवर चढवून तपासा. बीएस-6 डिझेल गाडी फक्त शहरात फिरली असेल, तर डीपीएफ जरूर पाहा.

मग घ्यावी कोणती?

गाडी आठ-दहा वर्षे ठेवायची असेल आणि कर्ज कमी दराने मिळत असेल, तर नवी परवडते. चार-पाच वर्षांत बदलायची असेल आणि बरीचशी रक्कम रोख देता येत असेल, तर सर्व्हिस रेकॉर्ड असलेली जुनी फायद्याची. जुनी गाडी घेताना मात्र लाख-दीड लाख दुरुस्तीसाठी बाजूला ठेवावेत. तेवढी सोय नसेल, तर ती स्वस्त गाडीच महाग पडते.